सेकंड बेसवरची जागा

माझा मित्र शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरमध्ये हार्बरफ्रंटला ऑफिसच्या लिफ्टपाशी उभा होतो. मेधावहिनी, त्याची बायको, एवढंच म्हणाल्या, "भावजी, खोकी भरत होते... टेप हातातच राहिली." सेंगकांगच्या त्यांच्या फ्लॅटवर पोचलो तर हॉलभर पुण्याला पाठवायची खोकी, आणि एका खोक्याला टेकवलेला त्याचा फोन. त्यावर बेसबॉलची मॅच चालूच होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मीही केली नाही.

बेसबॉल हे त्याचं अमेरिकेतून आणलेलं खूळ. आम्हा आठ मराठी इंजिनिअरांना त्याने फँटसी लीगमध्ये ओढलं. खऱ्या खेळाडूंमधून आपापली टीम निवडायची. ते तिकडे जसे खेळतील तसे आपल्याला गुण. तिकडच्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी येतात, म्हणून शनिवारी ईस्ट कोस्टला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, कोपी ही इथली कॉफी पीत आम्ही भांडायचो. लीगचा कारभारी मी. सीझनआधी कोण चालेल, कोण नाही याचं भाकीत ग्रुपवर लिहायचं काम माझं, आणि मला त्याची भारी मिजास!

शिरीषचा जीव एका म्हाताऱ्या सेकंड बेसमनवर, म्हणजे मैदानात दुसरा बेस सांभाळणाऱ्यावर. म्हातारा म्हणजे खेळाच्या हिशोबाने, आमच्यापेक्षा लहानच. यंदा त्याचा करार संपला आणि कुठल्याच संघाने त्याला घेतलं नाही. फ्री एजंट म्हणतात त्याला, पण ते मोकळेपण काय कामाचं? मी लिहिलं: अनुभव दांडगा, पण पाय जड, नव्या खेळाशी जुळवून घेणार नाही, घेऊ नका. सगळे खो खो हसले. शिरीषने त्यालाच घेतलं.

"डोकं फिरलंय का तुझं? संघ नाही त्याला. रोज शून्य मिळेल!"

"अरे, घेईल कोणीतरी. एक फोन तर यायला हवा..."

तेव्हा त्याची स्वतःची नोकरी गेली होती. इथे राहून काम करायचा पास रद्द झालेला, हातात मोजके दिवस. तेवढ्यात काम मिळालं नाही तर घरातल्या सगळ्यांनी पुण्याला परत जायचं. त्याने माझ्याच कंपनीत अर्ज केला. माझ्या मॅनेजरने मला विचारलं, तू ओळखतोस ना, दोन ओळी लिहून दे. ओळखतो? मला सिंगापूरला आणणारा तोच, माझ्या पहिल्या चुका रात्रंदिवस बसून निस्तरणारा तोच. आणि मी लिहिलं: अनुभव भरपूर, पण नव्या पद्धतींशी जुळवून घ्यायला वेळ लागेल. इंग्रजीत लिहिलं, एवढाच काय तो फरक. खरं कारण सांगू? तो आला असता तर माझ्या वर आला असता. मला ते नको होतं.

त्याला नकार गेला. पुढच्याच आठवड्यात खोकी आली, आणि मग तो फोन.

त्यानंतर शिरीषची टीम थांबली नाही. पुण्याच्या धावपळीत राहून जाईल म्हणून त्याने पूर्ण सीझनची यादी आधीच भरून ठेवली होती. रोज सकाळी एमआरटीत, इथल्या मेट्रोत, मी फोन उघडायचो आणि त्याने ठरवलेली नऊ माणसं हजर असायची. सेकंड बेसवर म्हातारा. शून्य. कारभारी म्हणून ती टीम बंद करणं माझं काम होतं. पण पुण्याहून त्याच्या लेकीचा, इराचा मेसेज आला, शेवटी तिचं सिंगापुरी 'लाह' जोडून: "अंकल, बाबाची टीम डिलीट नको करू, लाह." नाही केली.

मग सहा आठवड्यांनी म्हाताऱ्याला फोन आला. कुणाचातरी खेळाडू जखमी झाला आणि एका संघाने त्याला घेतलं. पहिल्याच मॅचला त्याने चेंडू कुंपणापलीकडे मारला. त्या आठवड्यात शिरीषच्या टीमसमोर माझी टीम होती. मी हरलो. माझं स्टेशन मागे पडलं, मी तसाच बसून होतो.

परवा मेधावहिनींनी पुण्याहून सहज विचारलं, "भावजी, तुम्ही त्यांच्याबद्दल काय लिहिलं होतं हो? नकार येईपर्यंत म्हणत होते, सुहासने लिहिलंय ना, मग होईल काहीतरी."

"चांगलंच लिहिलं होतं, वहिनी."

त्या म्हणाल्या, "माहितीये हो. तुमच्यावर फार विश्वास होता त्यांचा."

वहिनी, हे ज्यात छापून येतंय ती पेपरची पुरवणी तुम्ही दर रविवारी वाचता. मी काय लिहिलं होतं ते वर आहे... फोनवर मला जमलं नाही. आज सकाळीही मी यादी उघडली. सेकंड बेसवर म्हातारा आहे. सीझन संपेपर्यंत रोज असणार आहे, कारण शिरीषने त्याची जागा भरून ठेवली आहे.