पारवेरावांची ढाबळ

पारवेराव सैन्याच्या संदेशशाखेत भरती झाले तेव्हा निरोप झेंड्यांनी जायचे. एका टेकडीवरचा जवान झेंडे हलवी, दुसऱ्या टेकडीवरचा डोळे ताणून वाची, आणि मध्येच धुकं उतरलं की दोघंही पाय पसरून बसत. धुक्यावर उतारा म्हणून शाखेनं कबुतरं पाळली होती. झेंड्यांचा डावा-उजवा काही केल्या जमेना म्हणून या गड्याची रवानगी कबुतरांच्या ढाबळीत झाली, आणि त्यांचं खरं नाव तिथंच बुडालं.

पुढं टेलिफोनच्या तारा आल्या. साहेबानं हुकूम काढला, पाखरं वाटून टाका. पारवेरावांनी इमानेइतबारे टोपल्या भरल्या, लांबलांबच्या गावांत पाखरं वाटली आणि तसं कळवायला छावणीत परतले, तर पाखरं त्यांच्या आधी येऊन ढाबळीवर घुमत बसलेली. घरी परतणं हेच ज्यांचं सारं शिक्षण, त्यांना वाटून टाकणार कसं? वायरलेस आला तेव्हा नव्या साहेबानं तोच हुकूम काढला आणि तीच फजिती झाली. संगणकाच्या काळातला साहेब बेरकी निघाला. तो पारवेराव निवृत्त होईपर्यंत गप्प बसला आणि निरोपाच्या हारासोबत टोपल्याही त्यांच्या हाती ठेवून मोकळा झाला.

इकडे त्यांच्या बायकोचा जन्म वाट बघण्यात गेला होता. शाखेनं डोंगरापलीकडे निरोप पोचवले, समुद्रापार पोचवले, पण 'उद्या घरी येतोय' एवढा निरोप या घरात कधी माणसाच्या आधी पोचला नाही. आता तिचं मागणं एवढंच होतं, की दुपारच्या चहाला समोरच्या खुर्चीत नवरा असावा.

पारवेरावांनी गच्चीवर झकास ढाबळ बांधली. दुसऱ्या सकाळी दार उघडलं मात्र, पाखरांनी एक गिरकी घेतली आणि थेट छावणीची वाट धरली.

"आता आणायला जावं लागणार," म्हणत पारवेराव रिकामी टोपली घेऊन निघाले, ते संध्याकाळी परतले. टोपलीत पाखरं आणि तोंडात छावणीतल्या साऱ्या गप्पा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पाखरं विसराळू नाहीत, बिचारी काय करणार, असं वर तिलाच समजावणं. ती मान डोलवायची. पण तिच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नव्हती. ढाबळीचं दार उघडायच्या आधीच यांच्या बुटांना पॉलिश झालेलं असायचं.

एका रात्री वाढता वाढता तिनं भोळेपणानं विचारलं, की जुनं पाखरू नव्या घरी रमवायचं तरी कसं? आवडीचा विषय निघाल्यावर पारवेराव फुलले. कोंडून ठेवायचं म्हणाले, आणि तेही जोडीनं. पिल्लं झाली की मग हाकललं तरी जात नाही.

"मग तुम्ही रोज सकाळी दार का उघडता?"

पारवेरावांना एकदम ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, जरा हवा लागावी म्हणून.

सकाळी ते दाणे टाकायला ढाबळीत शिरले, तर पाठोपाठ बायकोही आत. एका हातात पाट, दुसऱ्या हातात मटारची परडी. तिनं आतून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि पाटावर बसून शेंगा सोलू लागली.

"अगं, हे काय?"

"जुनं पाखरू आहे. जोडीनं कोंडतेय."

"आणि पिल्लं होईपर्यंत थांबायचं?"

"त्याला आता उशीर झाला. मुदत मी ठरवीन."

पारवेरावांनी जाळीतून रस्त्याकडे पाहिलं, मग चकचकीत बुटांकडे. एवढ्यात खाली घरातला फोन खणखणू लागला. छावणीतली दोस्तमंडळी, दुसरं कोण असणार! पारवेराव अर्धवट उठले.

"वाजू द्या," मान वर न करता ती म्हणाली. "एवढंच महत्त्वाचं असेल तर कबुतर पाठवतील."

फोन थकून गप्प झाला. पारवेरावांनी बूट काढून कोपऱ्यात सरकवले, खाली बैठक मारली आणि परडी स्वतःकडे ओढली.