केसांची गादी

माझ्या काकांच्या केशकर्तनाच्या दुकानात जमिनीवर कधी केस दिसायचा नाही. एक गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की दुसरं बसायच्या आत झाडू फिरलेला असे. लोक तोंडभरून कौतुक करायचे. ते केस जातात कुठे हे मला कळलं, त्यानंतर दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही.

काकू गेल्यावर काकांनी दुकानामागच्या खोलीत तीन लावा पक्षी पाळले. मुठीएवढे, मातकट, दिवसभर खाली मान घालून टोचत बसणारे. त्यातली ठिपकी त्यांची लाडकी. ती त्यांच्या चपलेत अंडं घालायची आणि काका ते येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे. मी वरच्याच मजल्यावर राहते, पण त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. वासच असा की डोळ्यांत पाणी यावं. काकांनी मला दोनदा बोलावलं. "अगं, जरा आत येऊन ऐक, हे शिंकतात का?" चाळीस वर्षं मशीनची घरघर ऐकून त्यांचे कान गेलेले. दोन्ही वेळा मी दारातूनच नाक दाबून "शी!" म्हटलं आणि काढता पाय घेतला.

मग एका आठवड्यात दोन पक्षी मेले. दुसरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी काका एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून वर आले. हातातल्या टॉवेलात ठिपकी. चोच उघडी, श्वासागणिक शेपटी खालीवर, डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस. नाइलाजाने मी त्यांच्याबरोबर गेले.

पक्ष्यांच्या डॉक्टरबाईंनी ठिपकीची पाठ कानाला लावली. "टिकटिक येतेय. श्वासनळीला लागण झालीय." मग चिमट्याने तिच्या नाकपुडीतून एक केस ओढला. काळा, बोटभर, टोकाला पिवळा शेंबूड.

"पिंजऱ्यात खाली काय घालता?"

"केस," काका अभिमानाने म्हणाले. "दुकानातलेच. मऊ असतात. ओले झाले की वर ताजे टाकतो."

"आणि खालचे?"

"ते कशाला काढायचे? गादी जाड होते."

मी खुर्ची मागे सरकवली. डॉक्टरबाईंना सवय असावी. "विष्ठेच्या वाफेनं यांचा घसा आतून सोलून निघतो, मग जंतूंना रान मोकळं. कोरडी, उबदार पेटी करा. खाली कागद, रोज बदलायचा. औषध सात दिवस, मी सांगते तेवढंच, पाण्यातून. अंडी मी सांगेपर्यंत खायची नाहीत. आणि रोज सकाळी कुणीतरी श्वास ऐका."

काका माझ्याकडे बघायला लागले.

पिंजरा मीच उपसला. वीतभर थर होता. वर अख्ख्या गल्लीचे केस, पांढरे, काळे, रंगवलेले. खाली चिकट हिरवट लगदा आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. दोनदा ओकले. "जन्मभर लोकांची डोकी साफ केलीत, स्वतःच्या घरातली घाण नाही दिसली?" काकांना तोंडाला येईल ते बोलले. ते ठिपकीला मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते.

रोज सकाळी ती ओशट, उग्र वासाची पिसं कानाला लावायची आणि मग कान साबणाने तीनदा धुवायचा. पाच दिवस टिकटिक चालूच होती. आठव्या दिवशी फक्त छातीची धडधड ऐकू आली.

"श्वास साफ आहे, काका."

त्यांनी डोळे पुसले. ठिपकीला हातात घेतलं. मग म्हणाले, "त्या दोघांचापण असाच आवाज येत होता का गं?"

मला माहीत नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं.