भाव तोच, वर एक मूठ

मंडळी, आज थोडक्यात वाचले!

मी फोटोग्राफर, सुटी कामं घेते. सकाळी पळसदरी स्टेशनबाहेर आत्याच्या जांभळांच्या पाटीशेजारी बसले होते. एका फार्महाऊसवाल्याचा मेसेज आला, "रेट निम्मा करा, दर महिन्याला काम देतो." हाताला काम नव्हतं, म्हणून "चालेल" टाइपही केलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं. आत्याने भाव सोडला नाही, पण द्रोणावर मूठभर जांभळं जास्त घातली. गिऱ्हाईक खूश!

"भाव पाडला का वर येत नाय गं," आत्या म्हणाली. "मूठ आपल्या मनाची."

मी "चालेल" खोडून लिहिलं, "रेट तोच, दहा फोटो जास्त देते." लगेच होकार!

आत्याला सांगितलं, तर म्हणते, "दहा? लय मोठी मूठ हाय तुझी!"

तुमची केवढी?