ताणलेली तार
परवा चौकात एका रिक्षाच्या जळक्या क्लचचा वास आला आणि लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचा दुष्काळी उन्हाळा आठवला. नव्या कचेरीत थोरल्या भावाची कारकुनाच्या जागेसाठी दहाला मुलाखत होती. "एसटीचा भरवसा न्हाई, मी सोडतो," मी म्हणालो. आमच्या जुन्या मोटरसायकलवरून रोज दोन कॅन पाणी यायचं. ओझ्याला पकड घट्ट हवी म्हणून आठवड्यापूर्वी मीच क्लचची तार पूर्ण ताणली होती. औशापुढच्या चढावर इंजिन नुसतंच ओरडू लागलं, गाडी पुढं सरकेना. ढकलत गॅरेजवर नेली. मिस्त्रीनं हँडलवरचा क्लचचा लिव्हर दोन बोटांनी हलवून पाहिला. "तार कुणी ताणली?" "मी." "लई हुशार दिसताव. तीन मिलिमीटर ढील लागती. क्लच सारखा दाबलेला राहिला, प्लेटा जळाल्या." नव्या प्लेटा बसवून पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. मुलाखती संपल्या होत्या. परतताना भाऊ एवढंच म्हणाला, "हळू चालव, सांजच्याला पाणी आणायचं हाय." आजही गाडी काढण्याआधी मी लिव्हरची ढील पट्टीनं मोजतो. भाऊ मात्र कुठंही जायचं असलं तरी एसटीनंच जातो.