बहुत अच्छी चेष्टा

सायकलच्या चेनला तेल देताना तो वास बोटांना लागला आणि मी थेट कालव्यावर पोहोचले.

ह्यांची भोपाळला नुकतीच बदली झाली होती. माझं हिंदी सिनेमापुरतं. एका रविवारी आम्ही दोघं सायकली घेऊन गावाबाहेर गेलो. कालव्याच्या कडेनं सपाट वाट होती, गाडीघोड्याचा आवाजसुद्धा नाही. एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला ओंब्यांनी भरलेला गहू. वारा मात्र समोरून. हे केव्हाच पुढे गेले आणि मी धापा टाकत उतरले.

पुलाच्या कठड्यावर मास्तरांसारखे दिसणारे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बहुत अच्छी चेष्टा है, बहनजी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी सायकल म्हणजे या म्हाताऱ्याला चेष्टा वाटते? पदर खोचला, पुन्हा बसले आणि दात-ओठ खात पायडल मारत राहिले. ह्यांनाही मागे टाकलं, आणि कालव्याचं लोखंडी दार आल्यावरच थांबले.

मागून आलेल्या ह्यांना मी तक्रार सांगितली. ते पोट धरून हसले. "अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. कौतुक केलं त्यांनी तुझं!"

परतताना वारा पाठीशी होता, पण कठडा रिकामा होता.

आता भोपाळच्याच कोलार रोडवरच्या घरातून सायकल बाहेर काढताना मुलगी दारात आडवी येते. "मम्मी, इस उमर में? गुडघे बघ तुझे!"

"चेष्टा करतेय," मी म्हणते. कुठल्या भाषेतली, ते तिनं ठरवावं.