साइटवर ‘कुलर’ म्हणायचं नाही!

आमच्या नवीन घराला सागवानाचा कोरीव दर्शनी दरवाजा आहे, आणि आम्ही सगळे मागच्या दाराने आत जातो.

याचं कारण असं, की घर कसं बांधतात हे अख्ख्या दिग्रसमध्ये फक्त मला कळलं होतं. (बाकी कोणाला तसं वाटत नव्हतं, पण बाकीच्यांना मी विचारलंच कुठे होतं?) मी शाळेत विज्ञान शिकवते. प्लॉट घेतला त्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली, वर ‘घर : प्रक्रिया’ असं लिहिलं, मोबाईलवर बांधकामाचे व्हिडिओ पाहिले आणि सतरा पायऱ्या काढल्या. आखणी, खोदकाम, पाया, जोतं, कॉलम, सगळं लाल-निळ्या पेनाने! वही आमच्या ह्यांना दाखवली. ह्यांचं नाव श्रीधर. ह्यांना नाव आहे, मत नाही.

"छान आहे," हे म्हणाले. "अक्षर छान आहे."

मग सासूबाईंनी वही घेतली. दोन पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सारं लिवलं व तुनं. पण कुलर कुठी लावशीन?"

"आई, आधी पाया तर होऊ द्या!" मी हसले. वर्गात ढ मुलाने भलताच प्रश्न विचारला की हसते ना, तशी.

आमचा कुलर म्हणजे पत्र्याचं कपाटच. ह्यांच्या खांद्याएवढा उंच! भाड्याच्या घरात तो खिडकीबाहेर स्टँडवर उभा असायचा, तोंड आत आणि बूड बाहेर. मार्च लागला की सासूबाई त्याला वाळ्याच्या नवीन ताट्या लावायच्या, आणि जून येईपर्यंत त्याच्यापुढून हलायच्या नाहीत. तिथेच भाजी निवडणं, तिथेच पोथी, तिथेच माझ्या माहेरचा उद्धार. अशा वस्तूचा बांधकामशास्त्राशी काय संबंध?

बांधकामाला बब्बू मिस्त्री होते. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर वही उघडली.

"बब्बूभाई, पाया चार फूट."

"म्याडम, वहीत बराबर हाये. पन खाली काळी माती हाये नं. मुरूम लागेपर्यंत जा लागते."

मी ‘चार’ खोडून ‘मुरूम लागेपर्यंत’ लिहिलं आणि संध्याकाळी ह्यांना तेच स्वतःचं म्हणून ऐकवलं. ह्यांनी मान डोलावली. माणूस मान डोलावण्यात एक नंबर!

जोतं झालं. सासूबाई रिक्षाने आल्या, सावलीत बसल्या. "कुलर कुठी लावशीन?"

कॉलम उभे राहिले. "कुलर कुठी लावशीन व?"

वीटकाम सुरू झालं तेव्हा तर हद्द झाली. सासूबाई हातात तुराटी घेऊन आल्या. आदल्या दिवशी त्यांनी तुरीच्या काडीने कुलरची रुंदी मापली होती आणि काडी बरोबर तेवढी तोडून आणली होती. ती खिडकीच्या जागी आडवी धरून म्हणतात कशा, "बब्बू, एवढं भोक ठेवजो रे बापा."

"ठेवतो नं, माय."

माझं डोकंच फिरलं. तिथे मी तीन पट्ट्यांची सरकती खिडकी ठरवली होती, बाहेरून जाळी, भोवती ग्रॅनाइट! आणि माझ्या दोनशे पानी वहीपुढे ही तुराटी? मी ती काडी घेऊन वाळूवर फेकली आणि पाचवी ब ला दम देते त्या आवाजात जाहीर केलं, "आजपासून या साइटवर ‘कुलर’ हा शब्द कोणीही काढायचा नाही!"

सासूबाई उठल्या, वाळूतली काडी उचलली, पदराला पुसली आणि घरी गेल्या.

शिस्त मात्र कडक पाळली गेली, हे मला कबूल करावं लागेल. खिडक्या बसवायच्या दिवशी बब्बू मिस्त्री डोकं खाजवत माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"म्याडम, हे सरकती खिडकी अर्धीच उघडते. मंग ते तुमचं…"

"काय ते आमचं?"

"ते… ज्याच्यात पानी टाकतेत ते…"

"बब्बूभाई!"

"काई नाई म्याडम. खिडकी मस्त हाये."

अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश ठेवला. बाहेर नुसती आग ओतून राहिली होती. पूजा आटोपली, पाहुणे (त्यात बब्बू मिस्त्रीही) घामाने निथळत पंख्याखाली दाटले, आणि ठेल्यावरून कुलर आला. "लावा बाहेरून," मी ऐटीत सांगितलं.

समोरच्या खिडकीला लावून पाहिला. खिडकी अर्धी उघडली, कुलरचं तोंड चार बोटं जास्त! शिवाय जाळी भिंतीत पक्की. मग बाजूच्या खिडकीकडे न्यायचं ठरलं. तिथे घर आणि कंपाउंडच्या भिंतीत मी (वहीप्रमाणे) दीड फूट जागा सोडली होती. हे पुढून ओढत होते, ठेलेवाला मागून रेटत होता. कुलर तिरपा करून दोन हात आत गेला आणि तिथेच फसला. मागे येईना, पुढे जाईना. आणि हे कुलरच्या पलीकडे! त्या बाजूला पाण्याची टाकी, म्हणजे बाहेर यायला वाटच नाही.

"अहो, आता?" मी ओरडले.

"मी इथंच थांबतो," हे शांतपणे म्हणाले. "इथं सावली आहे."

आत गेले तर सासूबाईंनी पिशवी भरली होती.

"मी जातो दारव्ह्याले, लहान्याकडे. तिथी कुलर लागला आहे."

"आई, एसी लावू ना आपण!"

"त्या डब्याच्या हवेनं माह्ये गुडघे आखडते. अन् मी कायले राहू इथी? माह्या शब्दालेच बंदी आहे."

मी दहा ते पाच शाळेत असते. माझी दोन्ही पोरं या बाईने वाढवली. आजवर एकदाही मी घरी येऊन कुलूप उघडलेलं नाही; दार उघडंच असतं आणि आतून "आली का व?" असं ऐकू येतं. त्या दारव्ह्याला गेल्या तर या ग्रॅनाइटला काय मी चाटू? सगळ्या पाहुण्यांदेखत मी त्यांच्यापुढे बसले. शाळेतली शुद्ध मराठी कुठे पळाली कोण जाणे.

"आई, चुकलं माह्यं. तुमीच सांगा, कुलर कुठी लावू?"

सासूबाईंनी दोन मिनिटं मला तसंच बसवून ठेवलं. (तो त्यांचा हक्कच होता.) मग पिशवीत हात घातला आणि तुराटी काढली! तीच! घरभर फिरून त्यांनी एकेक खिडकी-दार मापलं आणि शेवटी माझ्या सागवानाच्या दरवाजाच्या चौकटीत ती आडवी धरली. काडी आरामात बसली.

"बब्बू, इथी."

"बराबर, माय!"

चार जणांनी मिळून कुलर त्या दीड फुटी बोळातून उपसला, ह्यांची सुटका झाली, आणि कुलर दर्शनी दारात उभा राहिला. तोंड हॉलमध्ये, बूड रस्त्याकडे. उरलेली फट बुजवायची होती. कोंबायला पुठ्ठा मिळेना, म्हणून माझ्या वहीचं जाड कव्हर फाडलं. उरलेले पाहुणे मोरी ओलांडून स्वयंपाकघरातून आत आले. खिडकी फोडायची तर बब्बू मिस्त्री दिवाळीपर्यंत पुसदच्या कामावर आहेत. सासूबाई मात्र आहेत तिथेच आहेत, कुलरपुढे, भाजी निवडत.

परवा शाळेतल्या नवीन मॅडम आल्या. त्यांनीही प्लॉट घेतलाय. पर्समधून कोरी करकरीत वही काढून म्हणाल्या, "मॅडम, प्रक्रिया नीट समजावून सांगा. सुरुवात कशापासून?"

मी घसा साफ केला आणि माझ्या सगळ्या अनुभवाचं सार त्यांच्यापुढे ठेवलं. "आधी हे सांगा, कुलर कुठे लावणार?"

त्या हसल्या. अगदी माझ्यासारख्याच हसल्या.

"काय मॅडम तुम्ही पण! आधी पाया तर होऊ द्या!"

कुलरपुढून सासूबाईंनी वर पाहिलं, हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "दे व त्याईले, तुराटी दे एक."