घंटीतली पळसाची पानं

...तर वनखात्याच्या चौकीचं वळण यायच्या आधी भागिरथाबाईनं सारी ढोरं थांबवली आणि एकेकीच्या गळ्यातल्या घंटीत पळसाची पानं कोंबायला घेतली, इथवर काल गोष्ट आली होती. पण काल जे नव्हते त्यांना बाई कोण आणि पानं कशाला, हे कसं कळणार? म्हणून आधी तेवढं सांगून टाकू.

भागिरथाबाई मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची. आपल्याकडं पावसाळ्यात साऱ्या शिवारात सोयाबीन आणि तूर. बांधा-धुऱ्यावरसुद्धा ढोराला तोंड घालायला जागा उरत नाही. दुभतं जनावर माणूस दारात बांधून कसंबसं पोसतो. भाकड गायी, कालवडी, गोऱ्हे मात्र ढोरक्याच्या, म्हणजे गुराख्याच्या, हवाली करतो. ढोरकी ते गोहन, गावोगावच्या ढोरांचा तो सारा कळप, हाकत सातपुड्याच्या डोंगरात नेतो, पाल ठोकून राहतो आणि दिवाळीला ज्याचं त्याच्या दारात आणून उभं करतो. बाईच्या सासऱ्यानं हेच केलं, नवऱ्यानं, सेवालालनं, हेच केलं. लग्नानंतरचा पहिला पावसाळा बाईनं सागाच्या रानातच काढला, आणि मग दरसालचा.

त्या पहिल्याच साली पालासमोर बिबट्या येऊन बसला होता. सेवालाल टेंभा शोधत राहिला. नवी नवरी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून तिनं त्याला झापलं, की जावई असशील तर निरोप धाडून येत जा, आज पीठ मोजकंच आहे. बिबट्या उठला आणि गेला. जेवायचा आग्रह केला नाही म्हणून रुसला, असं सेवालाल जन्मभर सांगायचा. सांगताना हसायचा इतका की खोकल्याची उबळ यायची.

सेवालाल गेला तेव्हा लोक म्हणाले, आता गोहन मोडलं. बाईनं नवऱ्याची काठी उचलली, धाकटा दीर राजपाल याला म्हणाली, चाल. झालं.

या धंद्यात एक रीत आहे. वाघानं जनावर नेलं तर ढोरक्यानं त्याची घंटी मालकाला आणून द्यायची. घंटी हातात आली की सवाल संपला. विकलं का, हरवलं का, तू कुठं होतास, असं मालक पुढं विचारत नाही. आणि घंटी नसेल तर? तर त्या ढोरक्याच्या हवाली पुन्हा कोणी शेपूटसुद्धा करत नाही. भागिरथाबाईनं आजवर घंट्या आणल्या, पण मोजक्या. म्हणून तर शेजारच्या गावची अंजना तिच्या भरवशावर निर्धास्त असायची.

अंजनाची गाय चांदी. कपाळावर पांढरा टिकला. चांदीची आई मेली तेव्हा ती थोड्याच दिवसांची होती. अंजनानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. यंदा ती पहिल्यांदा गाभण होती. अंजनाचा नवरा देवमन म्हणाला, गाभण कालवड जंगलात कशाला, विकून टाकू. अंजना म्हणाली, "भागिरथाबाई नेते, मंग मले कायचं भेव?" डोंगरात टेकाडावरच मोबाईलला रेंज येते. बाई तिथं चढून फोन लावायची, तर अंजना आधी चांदीचं विचारायची, मग बाईचं.

दसरा झाला, इकडच्या खोऱ्यातलं गवत सरलं. पाल पलीकडच्या खोऱ्यात हलवायचं ठरलं, आणि मध्ये ती चौकी. हल्ली वनखात्यानं रानात चराई बंद केलेली. आवाज गेला की गार्ड बाहेर येतात, ढोरं अडवतात. म्हणून घंट्यांत पानं. मुकं गोहन चौकीमागून गेलं, नाला ओलांडला, आणि पलीकडं पोचल्यावर बाईनं एकेकीला धरून पानं काढली. चांदी पोटामुळं मागं मागं राहायची. ती पोचली तोवर बाई भाकरी थापायला बसली होती. हात पिठात. काढते मग, असं मनात आलं आणि चुलीच्या धुरात विरून गेलं.

साऱ्या वाजत असताना एक वाजत नाही, हे कानाला कळत नाही. एका संध्याकाळी ढोरं परतली तेव्हा चांदी नव्हती.

गाय व्यायला झाली की कळप सोडते, आडोसा धरते. हे बाईला नवं नव्हतं, म्हणून ती घाबरली नाही. उजाडताच टेकाडावर जाऊन बसली. राजपाल नाल्यानाल्यानं धावत सुटणार होता, त्याला तिनं दटावून बसवलं. सासऱ्याची शिकवण होती ती: रानात गाय डोळ्यानं शोधू नये, कानानं शोधावी. व्यालेली गाय वासराला चाटते, तिची मान हालते, घंटी बोलतेच. दोघं कान देऊन बसली. सातभाई पक्षी ओरडले, दूर कुठं वानर खेकसलं. घंटी बोलली नाही. कमरेला खोचलेल्या फोनला तिथं रेंज होती, पण बाईनं तो बाहेर काढला नाही. ऊन डोक्यावर आलं तसं दुसऱ्या टेकाडावर गेली, पुन्हा कान दिला. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. पहिल्या टेकाडाच्या पायथ्याशीच बांबूचं बेट होतं. एवढं जवळ, की तिथून हाक मारली तर वर ऐकू यावी. वाघाची काही गडबड नव्हती, निवांत खाऊन गेला होता. व्याल्याची खूण होती. वासरू नव्हतं. दाव्याचा तुकडा आणि घंटी तेवढी पडली होती.

बाईनं घंटी उचलली. ती हातात हालली, पण वाजली नाही. आत पळसाची पानं तशीच, लोलकाला घट्ट धरून वाळलेली.

बाई तिथंच खाली बसली. राजपालला कळायला वेळ लागला नाही. ही दोघं आपसात तांड्याची गोरमाटी बोलतात. मी आपल्या बोलीत सांगतो. तो म्हणाला, "काढून टाक पानं, भाभी. चांदी वाघानंच खाल्ली ना? घंटी दे, सवाल खतम."

बाईनं घंटी मुठीत धरली.

"तू सांगशील अन् मोकळी होशील," राजपाल म्हणाला. "पन उद्या कोन देईन ढोरं? माह्या लेकराइनं काय खावं, पळसाचे पानं?"

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती. बाईनं घंटी पदराच्या टोकात बांधली, कमरेला खोचली आणि पाल काढायला लागली.

परतीची वाट लांब. पुढं सारं गोहन घणघणत चाललेलं आणि बाईच्या कमरेची घंटी पावलागणिक मांडीवर आपटायची, मुकी. शेलूबाजारला रस्त्याकडेला जीपवाले उभे असतात. दरसाल तिची थट्टा करतात. यंदाही एकानं विचारलं, "काय मावशी, वाघ आनला का संगं?" एरवी ती म्हणायची, आणला असता बापू, पण तुझ्या जीपीचा पत्रा पाहून तोच भ्याला. यंदा तिनं मान वर केली नाही. जीपवाला राजपालकडं बघून म्हणाला, मावशी म्हातारी झाली वाटते. राजपाल दिवसभर पुढं पुढं चालला. मुक्कामाला मात्र तिच्या ताटात त्यानं स्वतःची अर्धी भाकर टाकली आणि एकदाच पदराच्या गाठीकडं पाहिलं.

मानोऱ्याच्या अलीकडं अंजनाचं गाव लागतं. आपापली जनावरं ओळखून न्यायला लोक वेशीवर आलेले. अंजना सगळ्यांच्या पुढं, हातात पाटी, पाटीत ओलवलेली सरकीची ढेप. व्यालेल्या गाईला आधी ढेप द्यायची म्हणून. ती एकेक कपाळ बघत राहिली. गोहन सरलं, मागं धूळ उरली आणि धुळीत भागिरथाबाई.

बाईनं गाठ सोडली, घंटी पुढं केली. अंजनानं पाटी खाली ठेवली. घंटी घेतली, छातीशी धरली. देवमननं डोक्यावरची टोपी काढली. रीत पुरी झाली होती. राजपालनं सुस्कारा सोडला आणि पाठ फिरवली.

तेवढ्यात अंजनानं, चांदीला दारात बोलवायला वाजवायची तशी, घंटी एकदा हालवली. मग पुन्हा हालवली.

"हे वाजत काहून नाई, भागिरथाबाई?"

राजपाल वळला. भागिरथाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती म्हणाली:

"चौकीपाशी म्या पानं कोंबली होती त्याच्यात. साऱ्याइचे काढले, हिचे राह्यले, भाकरी थापत बसली होती मी. चांदी खाली बांबूत मान हालवत असंल अन् मी वरतं टेकाडावर कान देऊन बसली होती, अंजना. वाघाले दोस नको देऊ. पुढच्या साली ढोर कोनाच्या हवाली कराचं, ते तू ठरव."